गप्प बसणारी अक्षरं

रविवारी बापूमामा आला की सांगलीच्या आमच्या घराच्या पडवीत कोर्ट भरतं. मधे भडंगाची परात, दोन बाजूंना दोन खुर्च्या, आणि खटला कशावरही. गेल्या रविवारी तो इंग्रजी स्पेलिंगवर चालला. मुद्देमाल म्हणून माझ्या मुलीची, चिऊची, चौथीची वही हजर होती.

आधी वकिलांची ओळख. अप्पा, माझे वडील. तालुक्याच्या गावी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पाचवीत एबीसीडी गिरवायला आलेली पोरं दहावीला पस्तीस मार्कांच्या पैलतीरावर सोडायची, हा त्यांचा नावाड्याचा धंदा. समोर बापूमामा, आईचा धाकटा भाऊ. अकरावी नापास झाला तो थेट छापखान्यात लागला आणि जुळारी झाला. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा, कंपोझिटर. त्याच्या प्रेसमध्ये एकदा कुणा प्राध्यापकांचं इंग्रजी भाषेच्या इतिहासावरचं जाडजूड पुस्तक छापायला आलं. मामानं ते एकेक अक्षर उचलून जुळवलं. इतक्या सावकाश ते पुस्तक खुद्द लेखकानंही वाचलं नसेल. तेव्हापासून इंग्रजी शब्दांच्या कुळकथा त्याला नात्यागोत्यातल्या भानगडींसारख्या पाठ आहेत. बोलायला मात्र इंग्रजीचं एक धड वाक्य येत नाही.

चिऊला डिक्टेशनमध्ये दहापैकी सहा मार्क मिळाले होते. चार शब्दांभोवती लाल गोल. आयलंडमध्ये एस नाही, नाइफच्या आधी के नाही, डाउटमध्ये बी नाही आणि वेनस्डे तर कानाला आला तसा सरळ उतरवलेला. शिक्षा म्हणून प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा होता. अप्पांनी चष्मा लावून वही पाहिली.

अप्पा : हिचं काहीएक चुकलेलं नाही. ऐकू आलं ते पोरीनं लिहिलं. चूक इंग्रजांची आहे.

मामा : दाजी, याच चुकांपायी चौतीस वर्षं तुम्ही पोरांचे हात लाल केलेत.

अप्पा : म्हणून तर बोलतोय. तू खिळे उचललेस, मी पोरं उचलली. ऊसतोड्याचं पोर पाचवीत येतं. मराठी त्याला येतं. क म्हणजे क, कधीही उठवा, क-च. त्याला मी सांगायचं की बाबा रे, हा 'नाइफ'मधला के आहे, पण तू त्याच्याकडे बघू नकोस. का? तर तो बोलत नाही. बोलत नाही तर तिथं बसलाय कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून छडी होती. पोरांनीच मग वाट काढली. वेनस्डेला वर्गात सगळे 'वेड-नेस-डे' म्हणायचे, ब्यूटिफुलला 'बेआउटीफुल'. लेफ्टनंटचं स्पेलिंग 'लाय-यू-टेन-अँट', म्हणजे खोटं-तू-दहा-मुंग्या! असं पाठ केलेलं पोर पुढं फौजेत गेलं तरी साहेबाला सलाम ठोकताना त्याला मुंग्याच आठवणार. मी भाषा शिकवत होतो की दरोडेखोरांचे परवलीचे शब्द, तेच मला कळेना.

मामा : वेड-नेस-डे बरोबरच म्हणत होती की पोरं! तो डी साधासुधा नाही दाजी, तो देव आहे. वोडन. इंग्रजांचे पूर्वज ख्रिस्ती व्हायच्या आधी त्याला भजायचे. रोमन लोकांचा हा वार मर्क्युरीचा. त्यांच्या मर्क्युरीच्या जागी यांनी आपला वोडन बसवला. आणि मर्क्युरी म्हणजे कोण? बुध. आपला बुधवार आणि त्यांचा वेनस्डे एकाच ग्रहाच्या नावानं चालतो. देव गेला, देऊळ गेलं, नाव घेताना जीभसुद्धा त्याला टाळून जाते. डी तेवढा उरलाय. तोही उपटून टाका म्हणता?

(या पहिल्या फेरीतच माझ्या लक्षात आलं की पक्ष उलटे पडलेत. इंग्रजीवर पेन्शन खाणारे अप्पा इंग्रजीवर खार खाऊन, आणि इंग्रजीत नापास झालेला मामा तिचं वकीलपत्र घेऊन.)

अप्पा : देवाचं सोड. डाउटमधल्या बीचं बोल. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी नव्हता. कर्जाला जो 'डेट' शब्द आहे त्यातही नव्हता. लोक सुखानं बीविना कर्ज काढत होते, बीविना शंका घेत होते. मग आले लॅटिनचे पंडित. म्हणाले, लॅटिनमध्ये 'डेबिटुम' आहे, 'दुबितारे' आहे, तेव्हा बी पाहिजेच. घातला. लोकांनी पंडितांचा मान राखला, बी लिहिला. उच्चार मात्र केला नाही तो नाहीच. त्या बीला काही इतिहास नाही, नुसता पंडितांचा सोस.

मामा : सोस तर सोस. त्या बीमुळं 'डेबिट'शी नातं दिसतं की नाही? बँकेच्या पासबुकातलं डेबिट आणि डोक्यावरचं डेट एकाच घरातलं.

अप्पा : बरं, ते नातं खरं तरी आहे. आयलंडच्या एसचं काय? जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ईगलंड'सारखा काहीतरी होता. अस्सल देशी, त्यात एस नावालाही नाही. शेजारी 'आइल' म्हणून दुसरा शब्द आहे, अर्थ तोच, बेट. तो लॅटिनच्या 'इन्सुला'वरून आला, त्याला एसचा हक्क आहे. पंडितांनी बघितलं, दोघांचा तोंडावळा सारखा, म्हणजे भाऊच असणार. दिला याच्याही पोटात एस घालून. बापू, तो एस म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया आहे! पानिपतावर गेलेले भाऊ हे नव्हेतच. कुणीतरी चेहरा बघून 'हेच ते' म्हणालं आणि पुण्यापर्यंत वार्ता गेली.

मामा : तोतयाला पेशव्यांनी मारला. या एसला कुणी मारलं का? चारशे वर्षं गादीवर बसलाय तो. चारशे वर्षं बसलेल्याला तोतया म्हणत नाहीत दाजी, घराणं म्हणतात.

अप्पांना हसू आलं. त्यांनी ते भडंगाच्या मुठीत लपवलं. चिऊ जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. तिनं मान वर करून विचारलं, "मग घोस्टमध्ये एच का आहे? त्याचाही उच्चार नाही." मामा याच चेंडूची वाट बघत होता.

मामा : तो आमच्या लोकांनी घातला बाळा! विल्यम कॅक्स्टन नावाचा माणूस. त्यानं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. धंदा शिकला परदेशात, आधी कोलोनला, मग ब्रूझला. येताना कामाला माणसंही तिकडची घेऊन आला. त्यांच्या फ्लेमिश भाषेत भुताला 'घीस्ट'सारखा शब्द, जीपुढं एच. इंग्रजी भूत जुळवताना सवयीनं हात एचच्या खणात गेला. बस. मालकाला कळलं नाही, नाहीतर कळून त्यानं चालवून घेतलं. आज जगभर भुताच्या पोटात तो एच आहे, आणि तो जुळाऱ्याच्या हातानं गेलाय.

अप्पा : म्हणजे मुद्राराक्षस.

मामा : मुद्राराक्षसच. पण पंडितांनी घातलेला बी चालतो आणि जुळाऱ्यानं घातलेला एच तेवढा राक्षस, असं कसं?

मग तो धंद्याच्या गोष्टींवर घसरला आणि आम्ही घसरू दिला, कारण मामाचं बोलणं इथंच खरं रंगतं. इंग्रजीचा सगळा संसार दोन केसांत मावायचा. केस म्हणजे खणांची लाकडी तबकडी. उतरत्या घोडीवर वरच्या केसमध्ये कॅपिटल अक्षरं, खालच्या केसमध्ये बारकी. कॉम्प्युटरवर आपण अप्परकेस-लोअरकेस म्हणतो ते तिथून आलं. खालच्या केसमध्ये सगळ्यात ऐसपैस खण ई या अक्षराचा, अगदी हाताशी, कारण इंग्रजीत तेच सगळ्यात जास्त लागतं. क्यू, झेड, एक्स यांना कोपऱ्यातले खुराडे. मराठीचा पसारा याच्या दुप्पट. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, त्यामुळं नवशिका पोरगा बी, डी, पी आणि क्यू या चौघांत हमखास हरवायचा. ऑफसेट आल्यावर प्रेसमधलं शिसं भंगारात किलोवर गेलं. मामानं मूठभर खिळे खिशात घालून आणले. आजही तंबाखूच्या डबीत ते असतात. त्यानं डबी उघडून चिऊला एक खिळा दिला. झटकून पालथी गाठ मारल्यासारखं काहीतरी होतं त्यावर.

मामा : हा अँपरसँड. 'आणि'चं चिन्ह. लॅटिनमध्ये आणि म्हणजे 'एत'. ई आणि टी एकमेकांना मिठी मारून असे बसले. एके काळी इंग्रज पोरं मुळाक्षरं म्हणताना झेडनंतर हे सत्ताविसावं म्हणायची. नुसतं 'अँड' म्हटलं तर वाक्य संपल्यासारखं वाटेना, म्हणून 'अँड, पर से, अँड' म्हणायचे, म्हणजे 'आणि, जे स्वतःच एक अक्षर आहे ते, आणि'. भराभर म्हणता म्हणता त्याचं झालं अँपरसँड.

अप्पा : पुढं त्यांनी ते हाकललं ना पण? शहाणपणा केला. सव्वीसवर थांबले.

मामा : आणि आपण? आपल्या मुळाक्षरांच्या शेवटी क्ष आणि ज्ञ कोण आहेत? तीही मिठी मारलेली जोडपीच. क् आणि ष. ज् आणि ञ. आपण त्यांना घरात ठेवून घेतलं. त्यातला ज्ञ तर बघा, लिहायचा ज् अधिक ञ आणि म्हणायचा 'द्न्य'. हिंदीवाला त्यालाच 'ग्य' म्हणतो, गुजराती 'ग्न'. खरा उच्चार कुणाच्याच तोंडात नाही. ज्ञानेश्वरांच्या नावातलं पहिलंच अक्षर आपण लिहितो एक, म्हणतो दुसरं. त्याला कुठं तुम्ही लाल गोल करता?

अप्पा चपापले. पण मास्तर माणूस. वर्ग हातातून निसटायला लागला की विषय बदलायचा हे त्यांना चांगलं येतं.

अप्पा : मुकं ई काय करतं ते तुला दाखवतो. रोमन लिपीत आपली आडनावं लिही. मोरे. एम-ओ-आर-ई. माझा एक विद्यार्थी अमेरिकेत आहे. तिथं त्याला सगळे 'मिस्टर मोर' म्हणतात. मोर म्हणजे आणखी. तो म्हणतो, सर, दवाखान्यात नर्स नाव पुकारते तेव्हा वाटतं, वाढप्यानं श्रीखंड आणलंय. दाते लिही, झालं 'डेट', म्हणजे तारीख, नाहीतर खजूर. माने म्हणजे घोड्याची आयाळ. बने म्हणजे जिवाला लागलेला घोर. गोरे या नावाचं होतं सांडलेलं रक्त. काळे बिचारे भाजी होतात. 'केल' नावाचा पाला आहे, हल्ली पुण्या-मुंबईतही सॅलडमध्ये घालतात. त्यांचा ळ तर जहाजात बसायच्या आधीच गेला, इंग्रजीत त्याला खणच नाही. भारतरत्न पां. वा. काण्यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे खंडच्या खंड लिहिले. नाव छापलंय के-ए-एन-ई. परदेशी वाचक त्यांना 'केन' म्हणून मोकळा होणार. का, तर शेवटचं ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या अक्षराचा उच्चार बदलून ठेवतं. घरातल्या अबोल थोरल्या जावेसारखं. बोलत काही नाही, पण सगळं तिच्याच मनासारखं होतं!

आतून आईचा आवाज आला, "थोरली जाऊ मीच आहे ह्या घरातली, ऐकू येतंय मला."

मामा : पण साने?

अप्पा : हां, साने. एस-ए-एन-ई. 'सेन'. म्हणजे शहाणा, डोकं ठिकाणावर असलेला. एवढं एकच आडनाव त्या ईच्या तावडीतून बरं सुटलं.

मामा : मग गुरुजींचं नाव इंग्रजांनी नेमकं वाचलं म्हणायचं! दाजी, ते ई त्यांच्या शब्दात त्यांच्या कामाला बसलंय. आपल्या मोऱ्यांच्या घरात त्याला नेलं आपण. नाचता येईना त्याला अंगण काय करणार? आता उलटं बघा. पुरुषोत्तम लक्ष्मण, मराठीत आद्याक्षर 'पु. ल.' प नव्हे, पु. उकार घेऊनच येतो. मी जुळवलंय ना, हाताला उकार लागायचा. इंग्रजी 'पी'वरून कळत नाही पुरुषोत्तम की पांडुरंग. आपलं अक्षर अर्धं नाव सांगून टाकतं.

अप्पा : सांगून टाकतं हीच तर पंचाईत. जी. ए. कुलकर्णी घे. गुरुनाथ आबाजी. मराठी कथेतला एवढा मोठा माणूस, आद्याक्षरं इंग्रजी. आता तीच मराठीत घेऊन म्हणून बघ मोठ्यानं.

मामानं मनात म्हणून बघितलं असावं, कारण तोंडातलं भडंग सांडलं. "खाताना काय ते," आई म्हणाली. चिऊला कुणी काही समजावून सांगितलं नाही.

यानंतर थोडा वेळ दोघंही शिपाईगिरी विसरून चरत राहिले. एकमेकांना शब्द भरवणं चाललं होतं, जिंकणं-हरणं बाजूला. अप्पांनी अंपायरची कथा सांगितली. मूळ शब्द 'नंपायर'सारखा, म्हणजे 'जोडीतला नसलेला', दोन पक्षांबाहेरचा तिसरा. पण 'अ नंपायर' असं बोलता बोलता न् पुढच्या शब्दातून सुटून मागच्याला चिकटला आणि झाला 'अॅन अंपायर'. एप्रनचंही तसंच, तो आधी 'नेप्रन' होता. नारिंगाचा न तर इंग्लंडला पोचायच्या आधीच वाटेत कुठंतरी पडला. आपल्याकडून गेलं नारंग, तिकडं उतरलं ऑरेंज. मामानं मुंगूस काढलं. ते अस्सल मराठी. इंग्रजांनी ऐकलं, त्यांना शेपटाशी 'गूस' ऐकू आलं, म्हणजे हंसासारखा पक्षी, तर तसंच लिहून टाकलं. आता इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना प्रश्न पडतो की एका गूसचे अनेक गीस होतात, तर दोन मुंगसांचं काय? अप्पा म्हणाले, मंगूसेस. मुंगूस हंस नाही एवढं व्याकरणाला कळतं. जिच्यात असल्या शब्दांना हसायची सगळी सामग्री आहे ती डिक्शनरीही साहेबांचीच, 'हॉब्सन-जॉब्सन', १८८६ची. मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन'चं गोऱ्या कानांनी जे केलं तेच तिचं नाव. आपणही काही कमी नाही. रिक्रूटचा रंगरूट आपणच केला.

मग अप्पांना आपला खटला आठवला.

अप्पा : ते असू दे. हे वाच. जी-एच-ओ-टी-आय. काय झालं?

मामा : घोटी. इगतपुरीजवळचं.

अप्पा : फिश! 'टफ'मधलं जीएच म्हणजे फ. 'विमेन'मधला ओ म्हणजे इ. 'नेशन'मधलं टीआय म्हणजे श. मासा! इंग्रजी स्पेलिंगचं याहून चांगलं वर्णन नाही. लोक हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात, पण १८५५च्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ला. तरी शॉचं नाव त्याला शोभतं. त्यानं मृत्युपत्रात पैसे ठेवले होते, इंग्रजीसाठी नवी, उच्चारानुसारी अक्षरं करा म्हणून. केली पण. त्याचं 'अँड्रोक्लीस अँड द लायन' नाटक त्या अक्षरांत छापलं १९६२ साली.

मामा : आणि मग?

अप्पा : मग काय. कुणी ढुंकून बघितलं नाही.

मामा : बघा. आणि त्याच १९६२ साली आपल्याकडं काय झालं?

इथं मामा थांबला. मला वाटतं, सकाळपासून तो या वळणाचीच वाट बघत होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, दहा वर्षांनी आणखी चार. त्यांतला जो नियम अप्पांच्या पिढीच्या हाडाला लागला, तो अनुच्चारित अनुस्वाराचा. ज्या टिंबाचा उच्चार होत नाही ते लिहायचं नाही. नांव होतं ते नाव झालं, पांचाचे पाच, दांताचे दात. अप्पा तेव्हा हायस्कुलात होते.

मामा : तुम्हाला पाहिजे होतं तेच सरकारनं केलं की. मुकं अक्षर काढून टाकलं. पण दाजी, तुमच्या डायरीवर आजही काय लिहिलेलं असतं? 'नांव', 'गांव'. टिंबासकट. मी बघितलंय.

अप्पा गप्प. मग परातीतला एक शेंगदाणा त्यांनी निवडून उचलला.

अप्पा : ते टिंब वेगळं.

मामा : कसं वेगळं?

अप्पा : नांवावरचं टिंब म्हणजे 'नाम'मधला म आहे. पांचावरचं पंच या शब्दातलं, कांट्यावरचं कंटकातलं. आणि मेलेलं कुठं होतं ते? कोकणीत अजून 'नांव' म्हणताना नाकातून ऐकू येतं. ते टिंब व्याकरणही सांभाळायचं. 'घरीं' लिहिलं की कळायचं, सप्तमी आहे. 'केलें' लिहिलं की नपुंसकलिंग दिसायचं. आमच्या मास्तरांनी छड्या मारून मारून ती टिंबं आमच्या बोटांत घातली, आणि एके दिवशी तेच मास्तर म्हणाले, उद्यापासून नको. असं कुठं असतं का?

मामा : तुमच्या टिंबात नामाचा म, आणि डाउटच्या बीत नुसता पंडितांचा सोस?

अप्पा : बरं, तू सांग. तुला एवढी मुक्या अक्षरांची माया, तर टिंब गेलं तेव्हा तू रडलास?

मामा : मी पेढे वाटले असते! प्रेसमध्ये आलो तेव्हा नियम होऊन गेले होते, पण म्हातारे लेखक मजकूर टिंबांसकटच पाठवायचे. टिंबाचा खिळा नाजूक. डोकं बाहेर लोंबतं. छापताना ठेच लागली की तुटलंच. शंभर टिंबांत पाच-दहा तुटणार, आणि प्रुफात लेखक ओरडणार, माझं टिंब कुठाय? मी म्हणायचो, मशीननं खाल्लं. सावरकरांनी इ-ई काढून अि-अी लिहा म्हटलं आणि 'किर्लोस्कर' कित्येक वर्षं तसं छापायचं, तेही मला पटतं. तेवढे खिळे कमी.

अप्पा : म्हणजे इंग्रजांच्या मुक्या अक्षरात देव बसलाय आणि आमच्या टिंबात नुसती कटकट!

मामा : आणि तुमच्या टिंबात नाम बसलंय आणि त्यांच्या बीत नुसती कटकट.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मला राहवेना, म्हणून मी तोंड घातलं. म्हटलं, अप्पांना इंग्रजीचा मार बसलाय आणि मामाला मराठीचा. ज्यानं मारलं त्याच्या घरातलं मुकं माणूस कुणाला गोड लागेल? यावर दोघांनीही 'तुला काय कळतंय' अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मामा : आणि आपण फार उच्चाराप्रमाणं लिहितो, असंही काही नाही बरं. 'राम' लिहितो, म्हणतो 'राम्'. शेवटच्या अ-चं काय झालं? 'करवत' म्हणताना र पाय मोडून पडतो. मराठीतला जवळजवळ प्रत्येक अकारान्त शब्द शेपटीत मुका अ बाळगून आहे; आपल्याला दिसत नाही, कारण त्याला चिन्हच नाही. जे चिन्ह नसतं ते चुकत नाही! वर चार आणि चारा. आकड्यातला च वेगळा, गुरांपुढचा वेगळा, लिहायचे मात्र एकच. 'जरा थांब'मधला ज आणि म्हातारपणाच्या 'जरा'मधला ज घ्या. परदेशी माणूस मराठी शिकायला बसला की तुमच्या ऊसतोड्याच्या पोरासारखाच रडतो.

अप्पा : तो हौसेनं शिकतो बापू. माझं पोर पोटासाठी शिकत होतं. स्पेलिंग चुकलं म्हणून दहावीत अडकलेली, मग शेतावर नाहीतर वीटभट्टीवर गेलेली पोरं मला अजून भेटतात. 'सर' म्हणून पाया पडतात. त्यांना मी वोडनची गोष्ट सांगू?

यावर मामाजवळ काही नव्हतं. डबीतले खिळे त्यानं बोटानं उगाच इकडचे तिकडं केले. जरा वेळानं म्हणाला, "सांगायची होतीत की दाजी. तेव्हाच. छडीच्या आधी."

"मला तेव्हा माहीत नव्हती," अप्पा म्हणाले. "तूच सांगितलीस नंतर."

खाली चिऊचं लिहिणं चालू होतं. ओठ हलत होते. जरा कान दिल्यावर ऐकू आलं, "इज-लँड, इज-लँड, इज-लँड." अप्पांनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. शाळा सुटून वीस वर्षं झाली, तरी तो सूर त्यांना वर्गाबाहेरूनही ओळखू येतो.

तिनं वही आणून मामाच्या मांडीवर ठेवली, कारण प्रूफ तपासणं हे मामाचं काम, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मामानं उजव्या हाताची तर्जनी एकेका ओळीवरून फिरवली. बोट सातव्या ओळीवर थांबलं. तिथं एस नव्हता. त्यानं पेन्सिल घेतली, आय आणि एच्या मधल्या फटीत खाली बारीकसं काकपद काढलं, कावळ्याच्या पायासारखं, आणि वर, ओळीला धक्का न लावता, एस बसवला. मग 'एल कुठाय' म्हणून परत बघितलं. एलही नव्हता. तो घातला.

"तो एस खोटा आहे हं बापू," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

"असू दे," मामा म्हणाला. "छापून आलाय ना."